अर्धी मात्रा मागे

इस्पितळात तिला सगळे कानवाल्या ताई म्हणत. तळमजल्यावर, क्ष-किरण विभागाच्या पलीकडे, कान तपासायच्या खोलीत ती एकोणीस वर्षं काम करत होती. त्या खोलीच्या पोटात आणखी एक खोली होती, कपाटाहून जरा मोठी. भिंतींना जाड फोम, दाराला फ्रिजसारखा रबरी काठ. पेशंटला आत बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, हातात बटण द्यायचं आणि बाहेर यंत्रापाशी बसून एकेक बारीक सूर आत सोडायचा. ऐकू आला की पेशंट बटण दाबणार. उजव्या कानाला गोळा, डाव्या कानाला फुली. शेवटी कागदावर उतरत जाणारी रेघ तयार व्हायची आणि ती रेघ बघून माणसाच्या घरात किती जोरात बोलावं लागतं हे ताईंना न विचारता कळायचं.

शनिवारी दुपारी आणि रविवारी सकाळी याच ताई चर्चच्या गायनमंडळापुढे उभ्या असत. नऊ वर्षांपूर्वी हे काम त्यांच्याकडे आलं तेव्हा गायनमंडळ म्हणजे नुसता बाजार होता. जो तो आपापल्या सुरात, ज्याला जिथे वाटेल तिथे श्वास. ताईंनी एकेकाला धरून तासलं. आता बारा गळ्यांतून एकच आवाज निघायचा. दुसऱ्या चर्चची माणसं मुद्दाम ऐकायला येत. दातांचे डॉक्टर, जे खालच्या सुरात गात, म्हणायचे की ताईंच्या हाताखाली उभं राहण्यापेक्षा आपल्याच दवाखान्यातल्या खुर्चीत भूल न देता दात काढून घेणं सोपं.

त्या तासण्यात शिवणवाल्या मावशी गळल्या.

मावशी दुसऱ्या रांगेत उभ्या राहत. बायकांचे कपडे शिवायचा त्यांचा धंदा. आवाज मोठा, सूर किंचित उतरलेला, आणि प्रत्येक ओळीत त्या अर्धी मात्रा मागे असत. सगळ्यांचा शेवटचा शब्द संपला तरी मावशींचा शेवटचा शब्द अजून तोंडातच. शिवाय गाताना त्या मधूनच हनुवटी वर उचलत, मधूनच मान खाली घालत. ताईंनी किती वेळा सांगितलं, मावशी, मान स्थिर ठेवा, पुढे चला. मावशी हो म्हणत आणि पुन्हा तेच. शेवटी एका शनिवारी ताईंनी त्यांना बाजूला घेऊन, जमेल तितक्या गोड शब्दांत, आता तुम्ही बाकावर बसून ऐका असं सुचवलं. मावशींनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं, 'बरं बाई' म्हणाल्या आणि त्या रविवारपासून बाकावर बसल्या.

घरी हे कळलं तेव्हा ताईंची आई नाराज झाली. तिला मोतीबिंदूमुळे पुस्तकातली अक्षरं दिसत नसत. मावशींचे शब्द स्वच्छ पोचायचे, त्यांच्या मागोमाग मला गाता यायचं, असं ती म्हणाली. ताईंनी कानाडोळा केला.

दहा महिन्यांनी मावशी झोपेतच गेल्या. दफनविधीला गायनमंडळाने तीन गीतं गायली आणि एकही सूर हलला नाही.

त्यानंतर सात आठवडे गेले. शनिवार होता, दुपारचे तीन. खिडक्या बंद, बाहेर रस्त्यावर कुणी तरी लोखंडी शटर ओढत होतं तेवढाच आवाज. तालमीत देवाला बाप म्हणून हाक मारणारं एक जुनं, संथ गीत चाललं होतं. दुसऱ्या कडव्याच्या तिसऱ्या ओळीला ताईंच्या हाताबरोबर अकरा-बारा जण थांबले आणि एक आवाज थांबला नाही. तो अर्धी मात्रा पुढे गेला, उतरलेल्या सुरात, आणि मग थांबला.

"कोण मागे राहतंय?" ताईंनी विचारलं.

ताईंनी दुसऱ्या रांगेतल्या प्रत्येकीकडून ती ओळ एकटीने गाऊन घेतली. प्रत्येकीने नीट गायली. पुन्हा सगळ्यांनी मिळून गायली, आणि पुन्हा तो आवाज. या वेळी ताईंनी त्याच्या आधीचा श्वासही ऐकला. बारीक शिटीसारखा, दातांच्या फटीतून ओढलेला.

ताईंचं लक्ष रांगेकडे गेलं. इस्पितळातली नर्स आणि ग्रंथालयातली बाई यांच्यामध्ये एका माणसाची जागा सुटली होती. मावशी बाकावर बसल्या तेव्हाच ती रांग ताईंनी स्वतः जुळवून घेतली होती. त्यांनी दोघींना जवळ सरकायला सांगितलं. दोघी सरकल्या. पुढचं कडवं संपेपर्यंत मधली जागा पुन्हा तेवढीच मोकळी झाली होती. नर्सला विचारलं तर ती म्हणाली, मी हललेच नाही. ग्रंथालयातली बाईही तेच म्हणाली, आणि दोघींपैकी कुणीही त्या मोकळ्या जागेकडे बघत नव्हतं.

तालीम संपल्यावर बाकीचे निघून गेले आणि दातांचे डॉक्टर मागे रेंगाळले. एरवी चेष्टेशिवाय ज्यांचं वाक्य पुरं होत नसे ते आज पुस्तकं नुसतीच रचत होते.

"ताई, तुम्ही शिटी ऐकलीत ना?"

ताईंनी मान हलवली.

"पुढच्या दोन दातांमधली फट. मी दोनदा बुजवून देतो म्हटलं होतं त्यांना. नको म्हणाल्या. तो आवाज मी विसरणार नाही. माझं कामच ते आहे."

डॉक्टरांनी तालीम फोनवर घेतली होती. दोघांनी तिथेच उभं राहून ती ऐकली. रेकॉर्डिंगमध्ये बाराच आवाज होते, तेरावा नव्हता. ताईंना क्षणभर हायसं वाटलं. मग डॉक्टरांनी बोटाने वेळ दाखवली. गेल्या महिन्यात हेच गीत तीन मिनिटं चाळीस सेकंदात व्हायचं. आज साडेचार मिनिटांना टेकलं होतं. प्रत्येक ओळीच्या शेवटी एक पोकळी होती. त्या पोकळीत कुणी श्वासही घेत नव्हतं. बाराही जण कुणाचं तरी गाणं संपायची वाट बघत असल्यासारखे थांबत होते.

त्यानंतरच्या रविवारी उपासनेत ते झालं, त्याच्या पुढच्या रविवारीही झालं. बाकांवरच्या मंडळीला काही कळलं नाही. मंडळी नेहमीसारखी हाताची घडी घालून ऐकत बसली होती.

ताई यंत्रावर विश्वास ठेवणाऱ्या बाई. सोमवारी त्यांनी सहकारी बाईंना बाहेर बसवलं आणि स्वतः त्या फोमच्या खोलीत जाऊन बसल्या. रबरी काठाचं दार बंद झालं. त्या खोलीत माणसाला स्वतःचं रक्त वाहताना ऐकू येतं. सूर यायला लागले, ताई बटण दाबत गेल्या. वीस मिनिटांनी दार उघडलं तेव्हा सहकारी बाईंनी कागद पुढे केला. गोळे आणि फुल्या सगळ्या कागदाच्या वरच्या काठाशी, चाळिशीतल्या बाईच्या मानाने फारच चांगल्या.

"कान ठणठणीत आहेत," बाई म्हणाल्या. "पण अकरा वेळा तुम्ही मी काहीच न पाठवता बटण दाबलंत. आणि उगाच मधेमधे नव्हे हो. ठराविक वेळाने. मी घड्याळ लावून बघितलं."

ताईंनी कागद घेतला. आत बसल्यावर आपण काय ऐकलं हे त्यांनी सांगितलं नाही. सुरांच्या मधल्या शांततेत त्यांना प्रत्येक वेळी फक्त श्वास ऐकू आला होता. ओढलेला, आणि गाणं सुरू होण्याआधीच थांबलेला.

त्या संध्याकाळी त्या पाळकसाहेबांकडे गेल्या. पाळकसाहेब त्यांच्या कार्यालयात चपलेचा अंगठा शिवत बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, हसले नाहीत, प्रार्थना करू असंही लगेच म्हणाले नाहीत. त्यांनी विचारलं की मावशी तुमच्याकडे किती वर्षं गात होत्या. सात, ताई म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं की त्या कुणासाठी गात होत्या.

"देवासाठी," ताई म्हणाल्या.

"ते तर झालंच. पण देवाला ऐकू यायला मोठा आवाज लागत नाही." पाळकसाहेबांनी सुई बाजूला ठेवली. "मी तुम्हाला एक गोष्ट बरेच दिवस सांगीन म्हणत होतो, जिवावर यायचं. गायनमंडळ वेदीजवळ उभं असतं ना, ते मंडळीला गायला लावण्यासाठी. दुःखात असलेल्या माणसाला एकट्याने प्रार्थना करवत नाही, तेव्हा शेजारच्याचं गाणं त्याला उचलून नेतं. आपल्याकडे मंडळी गात नाही, ताई. चूक होईल म्हणून घाबरते. तुमचं गाणं इतकं सुंदर आहे की त्यात कुणाला शिरायला जागाच उरली नाही."

ताईंना ते झोंबलं. त्या उठल्या आणि थेट चर्चमधल्या गायनमंडळाच्या कपाटापाशी गेल्या. मावशींची गीतांची वही तिथे असणार हे त्यांना ठाऊक होतं. ती त्यांच्या नवऱ्याला देऊन टाकावी आणि हा विषय मिटवावा, एवढंच त्यांच्या मनात होतं.

वही तळाशी सापडली. ताईंनी ती उभ्या उभ्या उघडली आणि मग खाली बसल्या. पानापानावर शिवणाच्या खडूच्या खुणा होत्या. 'बाप' या शब्दावर प्रत्येक ठिकाणी वर जाणारी रेघ. 'पाप' या शब्दावर प्रत्येक ठिकाणी खाली जाणारी रेघ. ओळीच्या शेवटी आडवी रेघ आणि शेजारी मावशींच्या वळणदार अक्षरात, 'थांब. बघू दे.'

बहिऱ्या माणसांना ओठ वाचायला शिकवण्याच्या पहिल्याच धड्यात ताई हे सांगत आल्या होत्या. प, ब आणि म ओठांवर अगदी सारखे दिसतात. आवाज काढून टाकला तर बाप आणि पाप यांच्यात काडीचाही फरक उरत नाही. बघणाऱ्याला खूण करून सांगावं लागतं. ती हनुवटी, ती मान. आणि ओळीच्या शेवटी त्याला वाचून होईपर्यंत थांबावं लागतं.

मावशींचा नवरा बहिरा आहे हे सगळ्या चर्चला माहीत होतं. तो पहिल्या बाकावर डावीकडे बसायचा हेही माहीत होतं. गाणं चालू असताना तो काय करतो हे मात्र ताईंनी सात वर्षांत एकदाही पाहिलं नव्हतं, कारण त्या मंडळीकडे पाठ करून उभ्या असत.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ताई मावशींच्या घरी, काकांकडे गेल्या. दोन खोल्यांचं घर. पुढच्या खोलीत शिवणयंत्र, त्यावर झाकण, भिंतीला अर्धवट शिवलेला कुणाचा तरी ब्लाउज अजून टांगलेला. काका पत्र्याच्या कारखान्यात प्रेस मशीनवर होते, पस्तिसाव्या वर्षी कान गेले. बोलत स्पष्ट, पण एकाच पट्टीत. त्यांनी ताईंना खिडकीसमोरच्या खुर्चीवर बसवलं, उजेड तोंडावर येईल अशा बेताने.

"तुम्ही मला त्या पेटीत बसवलं होतं," ते म्हणाले. "बारा वर्षं झाली. मी बटण दाबलंच नाही. तुम्ही बाहेर आलात आणि माझ्या हिच्याशी बोललात. माझ्याशी नाही."

ताईंना आठवलं नाही. त्यांनी तेही खरं सांगितलं आणि वही पुढे केली. काकांनी ती उघडली नाही, मांडीवर ठेवली.

मग ते सांगत गेले. कान गेल्यावर त्यांनी चर्च सोडलं होतं. सगळे तोंडं हलवतायत आणि आपण खांबासारखे उभे, त्यापेक्षा घरी बरं. मावशी गायनमंडळात शिरल्या त्या एवढ्यासाठीच, की तिथे उभं राहिलं की तोंड मंडळीकडे असतं. काका पहिल्या बाकावर बसून बायकोच्या ओठांवरून गीत वाचत आणि मनातल्या मनात गात. पुढे मावशींना बाकावर बसवलं गेलं. शेजारी बसलेल्या माणसाचे ओठ दिसत नाहीत. तोंड वळवून गायला लागल्या तर लोक बघत. काकांनी पुन्हा येणं सोडलं.

"त्यांनी मला सांगितलं का नाही?" ताईंनी विचारलं. शब्द हळू, ओठ स्पष्ट.

"मी म्हटलं होतं, सांग. ती म्हणाली, त्या बाई गाणं चांगलं व्हावं म्हणूनच झटतायत, त्यात आपलं गाऱ्हाणं कशाला."

ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. रडताना ओठ वेडेवाकडे होतात आणि समोरच्याला वाचता येत नाही, म्हणून त्या थांबल्या, सावरल्या आणि मग दुसऱ्या रांगेत काय चाललंय ते त्यांनी काकांना सांगितलं. आपल्याला कुणी वेडी म्हणेल याची त्यांना तयारी ठेवावी लागली.

काकांनी एकच विचारलं. "मागे असते का?"

"अर्धी मात्रा."

काकांनी शिवणयंत्राकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर भीती होती, ताईंनी ती पाहिली. बहिऱ्या माणसाच्या घरात भीती अगदी आवाज न करता येते. मग ते म्हणाले, "मी घरी बसलोय हे ती विसरली असेल. मला यायला हवं."

रविवारी काका इस्त्रीचा सदरा घालून पहिल्या बाकावर डावीकडे बसले. पाळकसाहेबांनी गीत सांगितलं, तेच बापाचं. ताई गायनमंडळासमोर गेल्या आणि तिथे वळून मंडळीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. नऊ वर्षांत पहिल्यांदा त्यांना ते चेहरे गाण्याच्या वेळी दिसले. मिटलेली तोंडं, रांगांमागून रांगा. शेवटच्या बाकावर त्यांची आई, पुस्तक न घेता.

त्यांनी मंडळीला हाताने खूण केली, गा. आणि स्वतः सुरुवात केली.

पहिलं कडवं बारा आवाजांत गेलं. दुसऱ्या कडव्याला त्यांच्या पाठीमागे, अगदी हाताच्या अंतरावर, कुणी तरी दातांच्या फटीतून श्वास ओढला. ताई वळल्या नाहीत. वळायचं नाही हे त्यांनी घरूनच ठरवून ठेवलं होतं. ओळ संपली, त्यांच्यामागे एक आवाज अर्धी मात्रा पुढे चालत राहिला आणि ताईंनी हात हवेत धरून त्याला चालू दिलं. 'बाप' शब्दाला त्यांनी हनुवटी वर उचलली.

काका त्यांच्याकडे बघत नव्हते. त्यांची नजर ताईंच्या खांद्यावरून मागे, दुसऱ्या रांगेत, नर्स आणि ग्रंथालयातल्या बाईच्या मध्ये लागली होती. माणूस अक्षर लावताना डोळे बारीक करतो तसे त्यांचे डोळे झाले होते. मग त्यांचे ओठ हलले, आणि कारखान्यात तीस वर्षांपूर्वी जो आवाज राहून गेला होता तो बाहेर आला. त्यात सूर नावाला नव्हता. रस्त्यावरून जड फर्निचर ओढावं तसा तो आवाज. पण शब्द बरोबर होते, एकूण एक, आणि मागच्या त्या आवाजाशी ते मात्रा न चुकता जुळत होते. दोघं मिळून मागे होते.

तो आवाज ऐकून आधी कुणी तरी खाकरलं. मग काकांच्या मागच्या बाकावरचा बसकंडक्टर गायला लागला, बहुधा त्यांना एकटं पडू देऊ नये म्हणून. त्याच्यामागे त्याची बायको. इतकं वाईट गाणं चालू आहे म्हटल्यावर चुकायची लाज उरली नाही. तिसऱ्या कडव्याला निम्मी मंडळी गात होती आणि चौथ्याला ताईंना शेवटच्या बाकावरून आईचा चिरका आवाज ओळखू आला. तेवढ्या गदारोळात त्यांनी पाठीमागचा आवाज शोधला. तो होता. मग तो इतरांपासून वेगळा काढता येईना.

उपासना संपल्यावर काका बाकावरून उठलेच नाहीत. ताई त्यांच्यासमोर जाऊन खाली बसल्या. त्यांनी विचारण्याची वाट न बघता काकांनीच सांगितलं.

"रविवारची तिची निळी साडी होती की नव्हती, ते मला काही नीट दिसलं नाही. ओठ दिसले. शेवटच्या ओळीला मी तिच्या पुढे गेलो. तर तिने मान हलवली, असू दे, अशी."

पुढच्या शनिवारी तालमीला नर्स आणि ग्रंथालयातली बाई एकमेकींना चिकटून उभ्या होत्या, जागेची कुरबूर करत. ताईंनी सगळ्यांकडून पुन्हा पुन्हा गाऊन घेतलं, कान टवकारून. श्वास आला नाही. डॉक्टरांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि पुस्तकं रचायला घेतली. आपल्याला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, असं ताईंना वाटलं. प्रत्यक्षात त्यांना फार एकटं वाटलं, आणि ते बरेच महिने टिकलं.

दुसऱ्या चर्चची माणसं आता ऐकायला येत नाहीत. गायनमंडळ अजून चांगलं गातं, पण ते ऐकू यायला मंडळी गप्प बसायला हवी आणि ती बसत नाही. काका दर रविवारी येतात. ताई त्यांच्याकडे तोंड करून गातात आणि उपासना झाल्यावर बोलणी खातात. तुमचा 'स' आणि 'त' ओठांवर सारखाच दिसतो, शेवटची अक्षरं तुम्ही गिळता, मोठ्या सुराला तोंड इतकं उघडता की घसा दिसतो, शब्द दिसत नाही. म्हणून सध्या इस्पितळात जाण्यापूर्वी ताई मोरीतल्या आरशासमोर उभ्या राहून, आवाज न काढता, येत्या रविवारचं गीत म्हणतात. आई बाहेरून विचारते, झालं का तुझं. ताई उत्तर देत नाहीत. कडवं मध्येच सोडायचं नसतं.